चक कसा निसटला?

१

लेथचा जड लोखंडी चक निसटून दादाच्या पायावर पडला, ही बातमी फौजदार आत्याला सगळ्यांत शेवटी कळली. त्यामुळे शनिवारी सकाळी आल्या आल्या तिने आधी घरातल्या सगळ्यांना फैलावर घेतलं आणि मग भावाच्या पायाकडे बघितलं.

"मंगळवारी झालं आणि मला काल सांगताय? पाय कापल्यावर कळवणार होतात का?"

आत्या काही खरीखुरी फौजदार नव्हती. कारखान्यांमधून फिरायचं, मशिनांना जाळ्या लावल्यात का, कामगारांच्या हातांची बोटं शाबूत आहेत का हे तपासायचं, अशी तिची जन्मभराची नोकरी. ती निवृत्त झाली होती, पण तिची नजर काही निवृत्त झाली नव्हती. कुणाकडे पाहुणी म्हणून गेली तरी आधी गॅसची नळी बघायची. 'फौजदार' हे नाव लहानपणी दादानेच ठेवलेलं. डब्यातली साखर कुणी खाल्ली हे ती मुंग्यांच्या रांगेवरून शोधून काढायची, आणि बहुतेक वेळा ती रांग दादाच्या अंथरुणापर्यंत जायची.

आज मात्र दादा चिडवायच्या मनःस्थितीत नव्हता. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून तो खाटेवर पडला होता आणि छताकडे बघत होता. अंगठ्याचं हाड मोडलं होतं, पण चेहरा असा उतरला होता की आत्याला वाटलं, मोडलंय ते दुसरंच काहीतरी.

"लेथ देऊन टाकतोयस म्हणे?"

"हो. शेजारचा सुतार दुपारी न्यायला येतोय. चहापर्यंत खोली मोकळी होईल."

आत्याने भाच्याकडे बघितलं. भाचा ऑफिसात काम करणारा, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा, बापाच्या दुखण्यामुळे रजा काढून आलेला. तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "आत्या, बाबांनीच ठरवलं. मी फक्त हो म्हटलं."

दादा उभा जन्म टर्नर. लोखंडाचा गज लेथवर फिरवून त्यातून हवी ती वस्तू कातून काढावी तर त्यानेच. कारखाना बंद पडला तेव्हा तिथलं जुनं लेथ त्याने उचलून आणलं आणि घरामागच्या लांबट खोलीत बसवलं. असा माणूस लेथ देऊन टाकतो म्हणजे काय?

"चक घट्ट करायला विसरलो," दादा म्हणाला. "आपोआप थोडाच निसटतो? विसरलो. संपलं."

"तू चक घट्ट करायला विसरशील? एक वेळ जेवायला विसरशील."

भाचा बाहेर गेल्यावर दादाने आत्याला जवळ बोलावलं.

"दार लोटून घे," तो हळूच म्हणाला. "आपल्या अण्णांचं कसं सुरू झालं होतं, आठवतं ना तुला?"

२

आत्याला सगळं आठवत होतं. अण्णा आधी किल्ल्या विसरायला लागले, मग घरचा रस्ता. शेवटी शेवटी आईला विचारायचे, "बाई, आपण कुणाकडे आलात?" आई त्यांच्यासमोर हसायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहायची.

"तुझं तसं काही नाही," आत्या म्हणाली. पण आवाजात हवा तेवढा जोर आला नाही.

"चक बसवणं म्हणजे माझ्यासाठी शर्टाची बटणं लावण्यासारखं आहे गं. तेच विसरलो, तर पुढे काय काय विसरेन?"

मघाशी चहा देताना वहिनी हसत सांगत होती, की मंगळवारपासून 'हे' फार लाडात आलेत. सगळा संसार 'अगं ए' वर काढला आणि आता पडल्या पडल्या सारखी नावाने हाक मारतात. जाऊन बघावं तर काम काहीच नसतं. आत्याने ते दादाला सांगितलं आणि विचारलं, "हे काय नवीन?"

दादाने चादरीची घडी बोटांनी सारखी केली. "बघतो. तिचं नाव तोंडात येतंय का, ते बघतो."

आत्याला उठून त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला, पण तसं केलं असतं तर दोघंही रडली असती. म्हणून तिने खुर्ची पुढे ओढली आणि नोकरीतला आवाज काढला.

"मंगळवारी काय झालं, पहिल्यापासून सांग. तू स्वतः काय ठरवलंयस ते नको. नुसतं झालं ते सांग."

दादाने सांगितलं. सकाळी आंघोळ करून तो खोलीत गेला. चक बसवला, त्यात जाड गज धरला आणि कमी वेगावर कातत बसला. चांगला घाम निघेपर्यंत काम केलं. मग शेवटचा हात फिरवायला वेग वाढवला, काम झालं, लाल बटण दाबलं. आणि चक गरगरत बाहेर आला, खालच्या रुळांवर आपटला आणि तिथून पायावर.

"थांब. निसटला तो चालू करताना की बंद करताना?"

"बंद करताना. बटण दाबलं आणि..." बोलता बोलता दादाचा उजवा हात आपोआप पुढे आला. तळवा उघडा, हवेत काहीतरी दाबावं तसा.

"हा हात कशाला?"

दादा चपापला. "सवय. बटण दाबल्यावर चक बराच वेळ फिरत राहतो ना. तळव्याने जरा दाबला की लवकर थांबतो."

"फिरत्या चकला हात लावतोस? दादा, एवढ्यासाठी मी लोकांचे कारखाने बंद केलेत!"

"म्हणून तर तुझ्यासमोर कधी लावला नाही."

"मंगळवारी लावलास?"

"लावायला गेलो, पण..." दादा अडखळला. "जाऊ दे. मला आपलं उगाच वाटलं."

"काय वाटलं?"

"हात पोचायच्या आधीच लेथ गप्पकन थांबलं, असं वाटलं. पण आधी किती वेळ लागायचा तेच मला आता छातीठोकपणे सांगता येईना. मग कुणाला कशाला बोलू? म्हणतील, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं."

आत्या उठली. नोकरीत तिने शेकडो जखमी माणसांचे जबाब घेतले होते, आणि 'उगाच वाटलं' म्हणून जे कुणी गिळून टाकायचं तेच तिला नेहमी उपयोगी पडायचं.

"खोलीची किल्ली कुठंय?" तिने विचारलं.

३

खोलीला तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास होता. कोपऱ्यात गोणपाटाखाली चक पडला होता. चक म्हणजे लोखंडाची जाडजूड थाळी, तिच्या तोंडाला तीन जबडे, त्या जबड्यांत काम धरायचं. नव्या लेथला ही थाळी खिळे-बोल्टांनी जखडलेली असते. दादाच्या जुन्या लेथला मात्र ती आट्यांवर फिरवून बसवायची, बाटलीला झाकण बसवतात तशी.

आत्याने गुडघ्यावर बसून आट्यांवरून बोट फिरवलं. एकही आटा तुटलेला नव्हता, वाकलेला नव्हता. सगळं स्वच्छ पुसून तेलाचा हात दिलेलं. विसराळू माणसाचं काम असं नसतं, तिच्या मनात आलं. पण मनात येणं हा पुरावा होत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची होती. जाड गज कातताना असा चक उलट आणखी आवळत जातो. दादाने तो सैल बसवला असता, तरी घाम निघेपर्यंतच्या कामात तो पक्का झाला असता. मग बंद करताना सुटला कसा?

भिंतीवर एक करडा डबा होता. त्याला घरात सगळे 'ड्राइव्ह' म्हणत. लेथची मोटर कारखान्यातली, तीन फेजची, आणि घरात येते साधी लाइन. त्यामुळे वर्षभर लेथ चादरीखाली झाकून पडलं होतं आणि दादा त्याच्याशेजारी स्टूल टाकून पेपर वाचायचा. शेवटी भाच्याने वाढदिवसाला हा डबा आणून दिला. साध्या लाइनवर तो तीन फेजची मोटर चालवतो. गोल बटण फिरवलं की वेग पाहिजे तसा कमी-जास्त होतो. चालू करताना हळूहळू वेग धरतो आणि बंद करताना हळूहळू सोडतो. चालू-बंद करायला लेथवरच हिरवं आणि लाल अशी दोन मोठी बटणं दिलेली, तेलकट हातांनी काळी झालेली. ड्राइव्ह लागला त्या दिवशी दादाने पहिली वस्तू कातली ती वहिनीसाठी, दोऱ्याची रिळं अडकवायचा स्टँड.

चक न लावताच आत्याने हिरवं बटण दाबलं. मोटर गुणगुणत वर चढली. वेग पूर्ण झाल्यावर आत्याने मनगटावरच्या घड्याळाकडे बघत लाल बटण दाबलं.

मोटर एकदम थांबली. मागून कुणी शेपूट धरून ओढावं तशी.

आत्याने पुन्हा चालू करून पुन्हा बंद केलं. पुन्हा तेच. दादाला उगाच वाटलं नव्हतं.

४

ड्राइव्ह बसवणाऱ्या वायरमनला सगळे 'करंट' म्हणत, कारण तो एका जागी दोन मिनिटं बसत नसे. आत्याचा फोन गेल्यावर तो लगेच स्कूटरवरून आला, डब्यावरची छोटी बटणं टकाटक दाबून बघितली आणि त्याचा चेहरा पडला.

"ताई, थांबायचा वेळ मी दहा सेकंद ठेवला होता. इथे एक दिसतोय."

"दहाच का?"

"चक आट्यांवर आहे म्हणून! एवढा जड चक जोरात फिरतोय आणि आतला दांडा एकदम थांबवला, तर चक आपल्या तंद्रीत पुढे फिरतच राहणार. म्हणजे आपला आपण उघडणार. दादांना मी तेव्हाच बजावलं होतं, हळू थांबू दे." त्याने खालच्या जाळीदार पेटीकडे बोट दाखवलं. "त्यात हा ब्रेकचा रेझिस्टर, झटक्यात थांबताना मोटरचा जोर जिरवणारा. हा नसता तर इतक्या झटक्यात थांबताना ड्राइव्हने एरर दाखवून हात वर केले असते. पण धाकट्या साहेबांनी हौसेनं सगळ्यात भारीतला सेट आणला."

दारात उभ्या भाच्याने ते ऐकलं. "म्हणजे माझ्यामुळेच ना?" तो म्हणाला. "आत्या, बाबा त्या चादरीकडे बघत बसायचे ते मला बघवत नव्हतं, म्हणून आणला. आता तो डबा डोळ्यांसमोर नको झालाय. त्यातली सेटिंग मला कळतसुद्धा नाही."

"तू इथे कधी आलास?"

"मंगळवारी दुपारी. दवाखान्यात."

आत्याने डब्याजवळ तोंड नेऊन छोटी बटणं बघितली. त्यांना तेलाचा डाग नव्हता. फक्त एका बटणाच्या कडेला पांढरी रेघ होती. तिने नखाने खरवडलं, तर ते मेणचट लागलं.

इतक्यात शेजारचा सुतार आला. मागे साखळीची कप्पी घेतलेली दोन माणसं होती. सुताराच्या बोटांवर खडूची पूड होती. आत्याने त्याला बाजूला घेतलं आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "लेथवर तुमचा किती दिवस डोळा होता?"

सुतार रागावला नाही. "पुष्कळ दिवस. पण असं नको होतं. दादा देणारच म्हणाले, तेव्हा म्हटलं, मीच घेतो. भंगारवाल्याकडे गेलं तर परत दिसायचं नाही. माझ्याकडे असलं तर भिंतीपलीकडे तर आहे. मन झालं की येऊन बसतील."

त्याला तसं विचारल्याची आत्याला लाज वाटली. तरी तिने त्याचा हात उलटा करून बघितला. पूड निळी होती, आणि फुंकर मारताच उडाली.

"शेवटचं लेथ चालताना कधी बघितलंत?"

"सोमवारी संध्याकाळी. दादा माझी एक मूठ कातून देत होते. बंद केल्यावर चक फिरत राहिला, नेहमीसारखा तळहात लावून थांबवला त्यांनी. मी म्हटलंसुद्धा, सांभाळा. मग माझ्यासमोरच कुलूप घातलं."

म्हणजे सोमवारी संध्याकाळी आकडा दहा होता आणि मंगळवारी सकाळी एक. मधल्या वेळात खोलीला कुलूप, आणि किल्ली घरात खुंटीला. भाचा आपल्या घरी, करंट आपल्या घरी, सुतार भिंतीपलीकडे.

घरातल्या घरात ड्राइव्हला हात लावणारा एकच माणूस होता. दादानेच कधीतरी आकडा बदलला असेल आणि बदलला हेच विसरला असेल, तर? मग त्याची भीती खरी होती, आणि ती खरी असल्याचा पुरावा त्याच्या बहिणीनेच शोधून काढला होता.

५

त्याला काय सांगायचं ते सुचेना, म्हणून आत्या वहिनीच्या खोलीत गेली. दुःख झालं की वहिनीजवळ जाऊन बसायचं ही तिची लग्नाआधीपासूनची खोड.

वहिनी घरबसल्या कपडे शिवून द्यायची. खोलीत तिचं मोटरचं शिलाई मशीन धडधडत होतं. वहिनीने पायपट्टीवरचा पाय उचलला आणि मशीन जागच्या जागी थांबलं, सुई वर.

"या वन्सं. एवढी बाही उरकते आणि चहा टाकते."

"कुणाची बाही?"

"कुणाची असणार? यांचीच. हा तिसरा शर्ट. उजव्या हाताचीच बाही फाटते, तीही मनगटाशीच. फिरत्या चकला हात लावतात ना! एकदा मी तांब्यात पाणी घेऊन गेले होते, तेव्हा डोळ्यांनी बघितलं. बाही जबड्यात गेली आणि टरकन फाटली. बाहीवर निभावलं म्हणून बरं. तेव्हापासून माझी झोप उडाली होती. सांगून ऐकणाऱ्यातले आहेत का ते?"

बोलता बोलता तिने शर्टावर खडूच्या वडीने रेघ ओढली. शिंप्याचा खडू, चपटा, पांढरा, मेणचट.

आत्या त्या वडीकडे बघत राहिली. मग तिची नजर मशीनच्या डोक्यावर गेली. तिथे एक छोटी पट्टी होती, तिच्यावर लाल आकडे आणि चार छोटी बटणं. भिंतीवरच्या ड्राइव्हला होती तशीच.

"वहिनी, ही सेटिंग कोण करतं?"

"मीच की! वेग किती, टाका पक्का किती, थांबताना सुई वर की खाली, सगळं यात घालता येतं. पहिल्यांदा मेकॅनिकने दाखवलं, मग माझी मी शिकले. मला असं रेंगाळत थांबणारं मशीन नाही चालत. पाय उचलला की थांबलं पाहिजे, नाहीतर सुई बोटातून जाते."

वहिनी हे अभिमानाने सांगत होती, आणि आत्याच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख झालं. शिवणारीच्या जगात जे मशीन पटकन थांबतं ते चांगलं. थांबायला वेळ लावतं ते हात खातं. आट्यांवरच्या चकचं गणित तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आत्याला आधी वाटला तो आनंद. दादा काही विसरला नव्हता! आणि त्याच्या पाठोपाठ भीती. ज्या पायाला वहिनी चार दिवस उशी देत होती, तो तिनेच मोडला होता, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"वन्सं, सकाळपासून खोलीत काय शोधताय? सापडलं का काही?"

"काही नाही," आत्या म्हणाली. इतक्या वर्षांच्या नोकरीत खोटा जबाब तिने कधी लिहिला नव्हता.

बाहेर अंगणात तिने करंटला कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "ताई, माझं नाव सांगा ना. म्हणा, करंटनेच आकडा चुकीचा घातला. मला चार शिव्या बसतील. त्याची सवय आहे मला."

आत्याने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. खोलीतून साखळीचा खडखडाट आला. सुताराची माणसं कप्पी टांगत होती.

६

दादाला काठी धरून उभं राहायचं होतं. लेथ जाताना पडून राहणं त्याला बरं वाटेना. मुलाने एका बाजूने धरलं, वहिनीने दुसऱ्या, आणि सगळे त्या लांबट खोलीत आले.

"सुतारबुवा, जरा थांबा," आत्या म्हणाली. "दादा, ऐक. तू काहीही विसरला नव्हतास. चक तू पक्का बसवला होतास. ड्राइव्हमधला थांबायचा वेळ दहाचा एक झाला होता. लेथ झटक्यात थांबलं आणि चक आपला आपण उघडला. तुला वाटलं तेच खरं होतं."

दादा तिच्याकडे बघत राहिला. "मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस."

"मी कधी कुणाला बरं वाटावं म्हणून काही सांगितलंय का?"

हे त्याला पटण्यासारखं होतं. "मग आकडा बदलला कुणी? का मीच बदलला, आणि..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही. करंट घाईघाईने पुढे झाला. "दादा, माझ्याकडून चूक झाली. बसवतानाच आकडा चुकला."

"हा का खोटं बोलतोय?" वहिनी आश्चर्याने म्हणाली. "आकडा तर मी बदलला."

दादाने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"मंगळवारी सकाळी, हे आंघोळीला गेले तेव्हा. आधी दहा होता, तो मी एक केला. म्हटलं, पटकन थांबलं म्हणजे हात घालायची वेळच येणार नाही. सांगितलं असतं तर ओरडले असते, माझ्या मशीनला हात का लावलास म्हणून. आणि मग त्याच दिवशी तो चक पडला, त्या गडबडीत राहूनच गेलं. नंतर मला कुणी विचारलंच नाही." तिने सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. मुलगा मान खाली घालून उभा होता. करंट छताकडे बघत होता. "का? त्याचा काय संबंध?"

मग तिने आत्याकडे बघितलं, आणि आत्याचे डोळे भरलेले दिसले तेव्हा तिला कळलं.

"माझ्यामुळे?" ती म्हणाली. "वन्सं, माझ्यामुळे पडला?"

आत्याला मान हलवावी लागली.

वहिनीने दादाच्या दंडावरचा हात काढून घेतला, जणू आपल्या हाताने पुन्हा काही मोडेल. "मी तुमचा हात वाचवायला गेले हो. देवाशपथ, हातच वाचवायचा होता."

"तू केलंस?" दादा म्हणाला. "नक्की तूच? मी नाही?"

"मीच. बाई गं, पाय मोडला मी तुमचा..."

"म्हणजे मी विसरलो नव्हतो!"

हे त्याने इतक्या मोठ्याने म्हटलं, की साखळी धरलेली माणसं दचकली. दादाने काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो रडायला लागला. मुलाने बापाला असं रडताना कधी बघितलं नव्हतं. काय करावं ते न कळून त्याने मागून दोन्ही हातांनी बापाला घट्ट धरलं, लहानपणी स्कूटरवर बसून धरायचा तसं.

"अगं, पायाचं काय घेऊन बसलीस," दादा डोळे पुसत म्हणाला. "पाय बरा होतो. मला वाटलं, डोकं गेलं. मला वाटलं, एक दिवस तुलाच विचारीन, बाई, आपण कोण. चार रात्री झोपलो नाही मी."

वहिनी रडत होती आणि रागावलीही होती. "मला सांगायचं नाही? एवढी धास्ती घेऊन पडलात आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही?"

"आणि तू आकडा बदललास ते मला सांगितलंस?"

आत्याने नाक पुसलं आणि नोकरीतला आवाज परत आणला. "दोघांनीही एकमेकांना न विचारता एकमेकांची काळजी केली, म्हणून हा अपघात झाला. माझ्या रिपोर्टमध्ये दोघांनाही समज. आणि दादा, म्हातारा तू होणारच आहेस. उद्या एखादी किल्ली विसरशील, तेव्हा लगेच लेथ विकायला काढू नकोस. आधी मला फोन कर."

सुताराने आपल्या माणसांना खूण केली. त्यांनी कप्पी उतरवली नाही. तिच्याच साखळीने चक उचलला आणि लेथपर्यंत आणला. दादाने कुणालाही हात लावू न देता तो स्वतः आट्यांवर फिरवून बसवला. करंटने आकडा पुन्हा दहा केला. वहिनी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. दहाच दिसतोय ना, याची तिने दोनदा खात्री करून घेतली.

"लावू?" दादाने विचारलं. विचारलं मात्र बहिणीला नाही, वहिनीला.

"लावा. पण माझ्यादेखत."

दादाने हिरवं बटण दाबलं. मोटर गुणगुणत वर चढली, चक फिरायला लागला, जबड्यांची लकेर होऊन गेली. थोडा वेळ सगळे नुसते ऐकत उभे राहिले. मग दादाने लाल बटण दाबलं, आणि त्याचा उजवा हात, तळवा उघडा करून, आपोआप पुढे निघाला.

"द्या इकडे तो हात," वहिनी म्हणाली, आणि तिने तो मधल्यामध्ये पकडला.

दहा सेकंद काही थोडेथोडके नसतात. भाचा भिंतीवरचा ड्राइव्ह बारकाईने बघायला लागला. करंटला अचानक आपली पक्कड शोधायची होती. चक हळूहळू मंदावत गेला, जबडे एकेक करून दिसायला लागले, आणि शेवटी तो एकदा डुलला आणि थांबला.

"थांबलं की गं," दादा म्हणाला.

"थांबू दे," वहिनी म्हणाली.